बार्बोसा, मोआसिर

मोआसिर बार्बोसा : (२७ मार्च १९२१–७ एप्रिल २०००). ब्राझीलचे फुटबॉल गोलरक्षक. जन्म साओ पाउलो राज्यातील कॅम्पिनास येथे. साओ पाउलोच्या इपिरांगा क्लबकडून खेळून ते १९४५ मध्ये रिओच्या वास्को द गामा क्लबात आले. गोव्यातील वास्को शहराला ज्या दर्यावर्दीचे नाव आहे, त्याच्याच नावाचा हा क्लब. कृष्णवर्णीय व कष्टकरी खेळाडूंना संघातून वगळण्याची अट या क्लबाने १९२४ मध्ये धुडकावली होती. बार्बोसा स्वतः कृष्णवर्णीय होते.

वास्कोच्या त्या काळच्या संघाला लोक ‘विजयाची एक्सप्रेस’ म्हणत. बार्बोसा हातमोजे न घालता खेळत. १९४८ मध्ये सान्तियागो येथे दक्षिण अमेरिकेतील विजेत्या क्लबांची स्पर्धा झाली. तीत बलाढ्य रिव्हर प्लेटला गोलशून्य बरोबरीत रोखून वास्कोने अजिंक्यपद मिळवले. पुढच्याच वर्षी ब्राझीलने दक्षिण अमेरिकेचे विजेतेपद पटकावले, तेव्हाही गोलजाळ्यापुढे बार्बोसाच होते. ब्राझीलच्या सर्वोत्तम गोलरक्षकांत त्यांची गणना व्हायला एवढी कामगिरी पुरेशी आहे. पण त्यांचे नाव निघते ते एका गोलामुळे.

१९५० च्या विश्वचषकात अंतिम सामना नव्हता. शेवटच्या फेरीत चार संघ एकमेकांशी खेळले. स्वीडनला ७-१ आणि स्पेनला ६-१ असे हरवल्यावर ब्राझीलला उरुग्वेविरुद्ध बरोबरीही चालणार होती. १६ जुलै रोजी माराकाना मैदानावर पावणेदोन लाखांच्या आसपास तिकिटे खपली होती. फ्रियासाने ब्राझीलला आघाडी मिळवून दिली. मग उजव्या बगलेतून धावत आलेल्या गिग्जियाने मध्ये दिलेल्या पासवर स्कियाफिनोने बरोबरी साधली. ७९व्या मिनिटाला गिग्जिया पुन्हा तसाच आला. या वेळीही चेंडू मध्येच येणार, असे समजून बार्बोसा पाऊलभर सरकले आणि ते व जवळचा खांब यांमधल्या फटीतून चेंडू जाळ्यात गेला. त्यांचा अंदाज चुकला हे खरे. पण आधीच्या गोलाचा अनुभव पाहता तो अंदाज निराधार नव्हता. शिवाय बगलेतून गिग्जियाला दोनदा मोकळी वाट मिळाली, हा साऱ्या बचावफळीचाच दोष होता.

या पराभवाचे खापर मात्र मुख्यतः बार्बोसा, बिगोद आणि जुव्हेनाल या तीन कृष्णवर्णीय खेळाडूंवर फुटले. १९५३ मध्ये बार्बोसांचा पाय मोडला. त्या वर्षानंतर ते ब्राझीलकडून खेळले नाहीत. क्लबांसाठी मात्र ते चाळिशीपर्यंत खेळत राहिले आणि १९५८ मध्ये रिओचे विजेतेपद जिंकणाऱ्या वास्कोच्या संघातही होते. निवृत्तीनंतर अनेक वर्षे त्यांनी माराकाना संकुलातच नोकरी केली.

१९९३ मध्ये ते राष्ट्रीय संघाच्या शिबिराला भेट द्यायला गेले असता, अपशकुन होईल म्हणून त्यांना आत सोडले नाही. ब्राझीलमध्ये सर्वांत मोठी शिक्षा तीस वर्षांची असते, आपण मात्र त्याहून कितीतरी अधिक काळ भोगतो आहोत, असे ते अखेरच्या वर्षांत सांगत. प्राया ग्रांदे येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्यानंतर विश्वचषकात ब्राझीलचा पहिल्या पसंतीचा गोलरक्षक म्हणून पुन्हा कृष्णवर्णीय खेळाडू उतरला तो २००६ मध्ये : दिदा.