घोड्यावर बसवलं की पोरगं बोलायला लागतं?

निपाणी-चिकोडीकडे कुणाचं पोर तीन वर्षांचं होऊनही बोलत नसलं की कुणीतरी काकू सांगतेच, 'जत्रेत घोड्यावर बसीव, वाचा फुटती.' आता त्याला 'हॉर्स थेरपी' हे नवं नाव मिळालंय, आणि ऑटिझम (स्वमग्नता) बरा होतो असंही लोक सांगतात. तो बरा होत नाही. तो आजारच नाही, मेंदूची जन्मजात वेगळी घडण आहे.

पण सगळंच थोतांड नाही. अमेरिकेतल्या कोलोरॅडोत २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ऑटिझम असलेली ६ ते १६ वयाची मुलं १० आठवडे शिकवणीनं घोडेस्वारी करत होती. दुसऱ्या गटाला घोड्यांची माहिती तेवढी दिली, घोडा नाही. स्वारीवाल्यांची चिडचिड आणि अतिचंचलता जास्त कमी झाली, बोलण्यात शब्दही वाढले. वाढले म्हणजे मुकं पोर घडाघडा बोलू लागलं असं नव्हे!

तिथं घोडा शांत, निवडलेला असतो. डोक्याला हेल्मेट, लगाम धरणारा माणूस, गरज पडली तर दोन्ही बाजूंनी आधाराला माणसं. आपल्याकडं गाडीच्या शर्यतीत पळणारं जनावर, वर हलगीचा कडकडाट. आवाजानं कान झाकून घेणाऱ्या पोराला त्यावर चढवायचं?

आणि यापायी स्पीच थेरपी, म्हणजे बोलायला शिकवणारे उपचार, बंद करू नका, वहिनी.