कुत्र्यांचा कच्चा मत्स्याहार (कोकण किनारपट्टी)

कुत्र्यांना न शिजवलेले मासे खायला घालण्याची पद्धत. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत ही पद्धत दोन प्रकारे आढळते. कोळीवाड्यांत, जेटीवर आणि रापण (किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे) ओढली जाते त्या पुळणीवर वावरणारी कुत्री लिलावानंतर उरलेली, चेंगरलेली किंवा विक्रीयोग्य नसलेली मासळी पिढ्यान्‌पिढ्या खात आली आहेत. अलीकडे मात्र घरात पाळलेल्या कुत्र्यांनाही प्रथिने आणि ओमेगा-३ मेदाम्ले मिळावीत म्हणून कच्चा मासा मुद्दाम दिला जातो. अमेरिकेतील पशुवैद्यकांच्या राष्ट्रीय संघटनेने २०१२ मध्ये कुत्र्या-मांजरांना कच्चे प्राणिजन्य अन्न न देण्याचा सल्ला देणारे धोरण स्वीकारले. तरीही ही पद्धत चालू आहे, म्हणून तिच्यातील धोके नेमके समजून घेणे आवश्यक ठरते.

किनाऱ्यावर सर्रास ऐकू येणारा समज असा, की नुकताच होडीतून उतरलेला मासा कुत्र्याला कसाही घातला तरी चालतो. हा समज अर्धाच खरा आहे. ताजेपणामुळे मासा सडण्याचा धोका टळतो. पण माशाच्या पोटातील कृमी, त्याच्या मांसातील जीवनसत्त्वनाशक विकर (एन्झाइम) आणि काही जातींचे अंगभूत विष यांवर ताजेपणाचा काहीही परिणाम होत नाही. प्रत्येक धोक्याचा उपाय निराळा आहे आणि एका उपायाने दुसरा धोका दूर होत नाही.

कृमींमध्ये समुद्री माशांत आढळणारा ॲनिसाकिस हा गोलकृमी महत्त्वाचा आहे. बांगड्याचे पोट चिरून आतडी आणि यकृत उजेडात धरले, तर त्यांच्या पृष्ठभागावर घड्याळाच्या कमानीसारखी वेटोळी घातलेली, दोन-तीन सेंटिमीटर लांबीची पांढुरकी अळी कधी कधी नुसत्या डोळ्यांनी दिसते. मासा मेल्यावर या अळ्या आतड्यातून मांसात शिरू शकतात. म्हणून मासा आणल्याबरोबर त्याचे पोट साफ करणे हे पहिले काम आहे आणि काढलेली घाण कुत्र्यापुढे टाकण्याची सवय सोडली पाहिजे. अळी जिवंत असताना पोटात गेली, तर जठराच्या अस्तरात रुतून उलट्या आणि पोटदुखी होते. मीठ चोळल्याने किंवा आगळ (कोकमाचा खारवलेला रस) लावून मुरवल्याने ती खात्रीने मरत नाही. माणसांनी कच्च्या खाण्याच्या माशांसाठी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने दिलेला दंडक, उणे २०° से. किंवा त्याहून कमी तापमानात सात दिवस, कुत्र्यांच्या बाबतीतही पाळावा. घरातल्या फ्रिजचा बर्फाचा कप्पा पुष्कळदा इतका थंड नसतो, शिवाय पावसाळ्यात कोकणात वीज तासन्‌तास जाते. अशा वेळी मासा नरम पडला, तर तो पुन्हा गोठवून दिवस मोजत बसण्यापेक्षा त्याच दिवशी शिजवून टाकणे श्रेयस्कर.

कच्चा सामन (सॅमन) मासा खाल्ल्याने कुत्र्यांना होणारा जीवघेणा रोग पुष्कळ वाचकांच्या ऐकिवात असतो. तो मुख्यतः उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्याचा रोग आहे. तेथील विशिष्ट गोगलगाय, तिच्यातून माशात जाणारा पर्णकृमी आणि त्या कृमीतील नीओरिकेट्सिया हा जीवाणू अशी ती साखळी असते. कोकणातील मासळीच्या बाबतीत तिची भीती बाळगण्याचे कारण नाही.

कोकणात याहून अधिक लक्ष द्यायला हवे ते थायामिनेज या विकराकडे. हे विकर अन्नातील थायामिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, नष्ट करते. हेरिंग, अँकोव्ही आणि कार्प या कुळांतील अनेक माशांत तसेच काही शिंपल्यांत ते असते. तारली आणि पेडवे हेरिंगच्या गटातले, तर मांदेली अँकोव्हीच्या कुळातली. म्हणजे नेमकी तीच स्वस्त, लहान मासळी, जी टोपलीच्या तळाशी उरते आणि कुत्र्याच्या वाट्याला येते. असा मासा एखाद्या दिवशी खाल्ल्याने बिघडत नाही. पण काही आठवडे तोच मुख्य आहार राहिला, तर भूक मंदावते, मागचे पाय लटपटतात, पुढे झटके येतात. वेळीच थायामिनची इंजेक्शने मिळाली तर प्राणी सावरतो. पिंजऱ्यात पाळलेल्या कोल्ह्यांना कच्चे मासे खाऊन होणारा ‘चॅस्टेक पक्षाघात’ १९३०च्या दशकात अमेरिकेत अभ्यासला गेला, तेव्हा या कारणाचा उलगडा होऊ लागला. हे विकर गोठवल्याने नष्ट होत नाही, उष्णतेने होते. त्यामुळे या जाती शिजवूनच द्याव्यात.

जून-जुलैतील मासेमारीबंदीच्या काळात समुद्राची मासळी दुर्मिळ होते आणि पहिल्या पावसात ओढ्या-वहाळांतून चढणीचे मासे, म्हणजे प्रवाहाविरुद्ध वर चढणारे मासे, मुबलक मिळतात. त्यांत कार्प कुळातील जाती पुष्कळ असतात आणि गोड्या पाण्यातील मासे पर्णकृमी व पट्टकृमी यांचेही वाहक असू शकतात. चढणीचा मासा कुत्र्याला कच्चा देऊच नये.

बांगडा, सुरमई, कुपा आणि तारली यांच्या मांसात हिस्टिडिन हे ॲमिनो अम्ल पुष्कळ असते. बर्फाविना पडलेल्या माशात जीवाणू त्याचे विषारी हिस्टामिन बनवतात, आणि एकदा तयार झालेले हिस्टामिन गोठवून वा उकळूनही जात नाही. येथे मात्र ताजेपणा हाच उपाय होय: कल्ले लालभडक असावेत, डोळा फुगीर आणि नितळ असावा, बोटाने दाबलेले मांस लगेच वर यावे. दुपारपर्यंत पाटीत उन्हात राहिलेला बांगडा ‘कुत्र्यापुरता’ म्हणून स्वस्तात आणणे हा खोटा हिशोब आहे.

काही मासे कोणत्याही रूपात वर्ज्य आहेत. रापणीत येणाऱ्या केंड (फुगणाऱ्या) माशात टेट्रोडोटॉक्सिन हे मज्जातंतूंवर परिणाम करणारे विष असू शकते. ते शिजवल्याने जात नाही आणि त्यावर उतारा नाही. २००९ मध्ये न्यूझीलंडमधील ऑकलंडजवळच्या किनाऱ्यांवर काही कुत्री दगावली, तेव्हा तेथे वाहून आलेल्या समुद्री गोगलगाईंत हेच विष सापडले होते. म्हणून फिरायला नेलेल्या कुत्र्याला पुळणीवर पडलेले काहीही हुंगत खाऊ देऊ नये. शिंगाळ्याच्या पाठीवरचे आणि कल्ल्यांमागचे करवती काटे तसेच पाकटाच्या शेपटीचा काटा घशात किंवा पंजात रुततो. मोठी मुशी (शार्क) आणि मोठी सुरमई यांत पारा साचत असल्याने ती वारंवार देऊ नयेत.

एवढे सांभाळूनही कच्चा मासा द्यायचाच असेल, तर बोंबील, पापलेट किंवा मध्यम आकाराची सुरमई यांसारखी जात निवडावी, पोट व कल्ले काढून मासा स्वच्छ धुवावा, वरील दंडकाप्रमाणे गोठवावा, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात वितळवावा आणि त्याच दिवशी संपवावा. बोंबलाचा काटा मऊ असतो. सुरमईच्या मधल्या जाड काट्याभोवतीचे मांस सोडवून द्यावे. रोजच्या आहाराच्या सुमारे एक दशांशाहून अधिक वाटा माशाचा नसावा, कारण बिनकाट्याच्या मांसात कॅल्शियम अपुरे पडते. पिल्ले, गाभण कुत्री, म्हातारी किंवा आजारी जनावरे यांना कच्चा मासा देऊ नये. सर्व बाजूंनी विचार करता मीठमसाल्याविना वाफवलेला मासा हाच या किनाऱ्यावर अधिक शहाणपणाचा पर्याय ठरतो. आतपर्यंत ६३° से. उष्णता पोहोचली की कृमी आणि जीवाणू यांचा बंदोबस्त होतो; थायामिनेज नष्ट व्हायला मात्र याहून बरीच अधिक उष्णता लागते, म्हणून ते असलेल्या जाती पूर्ण शिजवाव्यात. वाफवलेल्या माशाचे काटे मात्र अधिक ठिसूळ होतात, म्हणून ते वेचून काढावे लागतात. उरलेले कालवण किंवा तिखले भातात कालवून घालणे हा याला पर्याय नव्हे; त्यातील कांदा-लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशींना घातक असतो. खाऱ्या बांगड्यातील मीठही अपायकारक असते.

कच्च्या मासळीतील साल्मोनेला, लिस्टेरिया आणि उबदार समुद्राच्या पाण्यातील व्हिब्रिओ हे जीवाणू कुत्र्याच्या तोंडावाटे आणि भांड्यावाटे घरातल्या माणसांपर्यंत पोहोचतात. त्यामुळे भांडे लगेच साबणाने घासावे आणि विळी, सुरी व फळी वेगळी ठेवावी. गळाने पकडलेल्या माशाचे डोके देण्याआधी जबडा आणि घसा बोटांनी चाचपून पाहावा. कुत्र्याने गळ गिळला असेल आणि तोंडातून तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) लोंबत असेल, तर ती ओढू नये, कापूनही टाकू नये. टोक पट्ट्याला सैल बांधून त्याला तसेच पशुवैद्याकडे न्यावे.