तवांगला स्वतःच्या गाडीने जाताना: इनर लाइन परमिट नेमके कुठे अडते

आसामातील तेजपूर मागे टाकून भालुकपोंगला पोहोचले की तवांग ज्या राज्यात आहे त्या अरुणाचल प्रदेशाचा प्रवेशनाका लागतो आणि तेथे गाडीतील प्रत्येकाचे इनर लाइन परमिट, म्हणजे बाहेरच्या माणसाला राज्यात येण्यासाठी लागणारा परवाना, तपासले जाते. ‘प्रत्येकाचे’ हा शब्द मुद्दाम वापरला आहे. गेल्या काही वर्षांत ओळखीतल्या कुटुंबांचे अर्ज भरून देताना जे घोळ पाहिले, त्यांतले बरेचसे या एका शब्दाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे झाले होते. हे परमिट गाडीला मिळत नाही, कुटुंबप्रमुखाच्या नावावर सगळ्यांना मिळून तर मुळीच नाही. ते एकेका माणसाला मिळते. मांडीवरचे बाळ, मागच्या सीटवरच्या आजी, आणि गुवाहाटीहून गाडी भाड्याने केली असेल तर तिचा आसामी चालक, या सर्वांना ते लागते. चालक आपले परमिट आपण पाहून घेईल असे गृहीत न धरता, गाडी ठरवतानाच त्याला स्पष्ट विचारावे आणि परमिटची प्रत आधी मागवून घ्यावी.

या अटीमागे १८७३ चे बेंगॉल ईस्टर्न फ्रंटियर रेग्युलेशन आहे. ब्रिटिशांनी आखलेली ती ‘आतली रेषा’ ओलांडण्यासाठी बाहेरच्या माणसाला परवानगी लागे. आज तीच तरतूद स्थानिक जमातींच्या जमिनी आणि हितसंबंध यांच्या रक्षणासाठी चालू आहे. अरुणाचल प्रदेश, नागालँड, मिझोराम आणि डिसेंबर २०१९ मध्ये यादीत आलेले मणिपूर, अशा चार राज्यांना ती लागू आहे. आसाम आणि मेघालयासाठी असे परमिट लागत नाही. चारही राज्यांचे परमिट वेगवेगळे असते, त्यामुळे एकाच सहलीत कोहिमा आणि तवांग दोन्ही बसवणाऱ्यांना दोन अर्ज करावे लागतील, आणि एका राज्याचे परमिट दुसऱ्याच्या नाक्यावर दाखवून काहीही साधणार नाही.

अर्जाची रीत सोपी आहे. अरुणाचल प्रदेश सरकारच्या ई-आयएलपी (आयएलपी म्हणजे इनर लाइन परमिट) संकेतस्थळावर माहिती भरायची, छायाचित्र आणि ओळखपत्र चढवायचे, शुल्क भरायचे आणि मंजुरीनंतर परमिट उतरवून घ्यायचे. ज्यांना ऑनलाइन जमत नाही त्यांच्यासाठी दिल्ली, कोलकाता, गुवाहाटी, तेजपूर अशा ठिकाणी राज्याची कार्यालये आहेत. अर्जाचा प्रकार निवडताना ‘पर्यटक’ हाच निवडावा; नोकरी, मजुरी आणि व्यापार यांसाठीचे परमिट वेगळे असते आणि त्याचे कागदही वेगळे असतात.

खरी अडचण नावापासून सुरू होते. मराठी माणसाचे नाव तीन पदरी असते, आणि प्रत्येक ओळखपत्रावर ते पदर वेगळ्या क्रमाने येतात: आधारवर नाव आधी, मतदार ओळखपत्रावर आडनाव आधी, वाहन परवान्यावर वडिलांच्या नावाचे नुसते आद्याक्षर. विवाहित स्त्रियांच्या बाबतीत त्यात आणखी भर पडते, कारण पासपोर्ट माहेरच्या नावाचा आणि मतदार ओळखपत्र सासरच्या नावाचे ही स्थिती घरोघरी आहे. एका आजींच्या मतदार ओळखपत्रावर ‘सुमनबाई’ होते आणि आधारवर ‘सुमन’. नातवाने अर्जात आधारवरून नाव भरले आणि ओळखपत्र म्हणून मतदार कार्ड चढवले. अर्ज परत आला, आणि का परत आला हे मात्र एका ओळीतही कोणी लिहिले नव्हते. कारण न सांगता अर्ज परत पाठवण्याची ही सवय नेमकी कोणाच्या सोयीसाठी आहे, हे मला आजवर कळलेले नाही. उपाय मात्र साधा आहे. प्रत्येकासाठी एकच ओळखपत्र ठरवावे, अर्जातले नाव त्यावरूनच अक्षर न् अक्षर उतरवावे, ‘सौ.’, ‘श्री.’, ‘राव’, ‘बाई’ यांतले काही त्यावर असेल तर ठेवावे आणि नसेल तर घालू नये, आणि प्रवासात तेच मूळ ओळखपत्र जवळ बाळगावे. मतदार ओळखपत्र, पासपोर्ट किंवा वाहन परवाना यांपैकी एक निवडणे बरे. पॅन कार्डावर पत्ताच नसल्यामुळे त्याच्या भरवशावर राहू नये.

लहान मुलांचा प्रश्न याहून अवघड आहे, कारण त्यांच्याकडे छायाचित्र असलेले ओळखपत्र बहुधा नसते आणि पालक जन्मदाखला पुढे करतात. तो दाखला एकदा नीट उघडून पाहावा. बाळाचे नाव ठरण्याआधीच रुग्णालयाकडून जन्माची नोंद होते, त्यामुळे अनेक दाखल्यांवर आईवडिलांची नावे, वेळ, ठिकाण असे सगळे काही असते आणि ‘बालकाचे नाव’ या रकान्यात केवळ एक आडवी रेघ असते. असा दाखला कोणाचा आहे हेच सिद्ध होत नाही. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ नुसार नोंदणीनंतर बारा महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क घालता येते आणि त्यापुढे पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. हे काम जेथे नोंद झाली त्याच नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत होते, आणि ते परमिटच्या आठवड्यात होत नाही. सहलीचा विचार मनात येताच ते हाती घ्यावे. त्याऐवजी मुलाचे आधार काढलेले असेल तर त्यावरचे छायाचित्र मूल ओळखू येण्याइतके अलीकडचे आहे का, हे तेवढे पाहावे.

परदेशी नागरिकत्व घेतलेली मुले किंवा नातवंडे सोबत येणार असतील, तर पुढचा मजकूर तिकिटे काढण्यापूर्वी वाचावा. परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारे ओसीआय कार्ड म्हणजे भारतीय नागरिकत्व नव्हे. त्या कार्डधारकाला इनर लाइन परमिट मिळत नाही. त्याला परदेशी नागरिकांप्रमाणे संरक्षित क्षेत्र परमिट घ्यावे लागते, आणि ते नोंदणीकृत सहल संस्थेमार्फत, साधारणपणे किमान दोघांच्या गटाला दिले जाते. आजी-आजोबांना एक कागद आणि आठ वर्षांच्या नातीला दुसरा, हे नाक्यावर प्रथम कळले तर त्या दिवशी कुटुंबाला परतच यावे लागते. याच गटाला तवांगच्या पुढे बुम ला खिंडीपर्यंत जाता येत नाही, हेही मुलांना आधीच सांगून ठेवलेले बरे.

तारखा आणि ठिकाणे यांबाबत लोक विनाकारण काटकसर करतात. तेजपूर ते तवांग हे अंतर सुमारे ३३० किलोमीटर असले तरी ते एका दिवसात कापण्याचा रस्ता नाही. बोमडिला किंवा दिरांग येथे मुक्काम करावाच लागतो. ९ मार्च २०२४ रोजी खुला झालेला सेला बोगदा सुमारे १३,००० फुटांवरून जातो आणि त्यामुळे हिवाळ्यात खिंडीतल्या बर्फाची अडचण बरीच कमी झाली आहे. परंतु बोगद्याच्या अलीकडे आणि पलीकडे दरड कोसळायची ती कोसळतेच. परमिटवरची अखेरची तारीख ही तवांग सोडण्याची नव्हे, राज्याच्या हद्दीतून बाहेर पडण्याची तारीख असते, आणि नेमकी हीच चूक वारंवार होते. परतीच्या तारखेपुढे दोन-तीन दिवस मोकळे धरून मागणी करावी. मुदतवाढ लागणारच असेल तर ती जिल्हा प्रशासनाकडे मुदत संपण्याच्या आत मागावी. मुदत संपल्यावर तीच विनंती उल्लंघनाची कबुली ठरते. ठिकाणांच्या रकान्यात नुसते ‘तवांग’ लिहू नये. भालुकपोंग, बोमडिला आणि दिरांग ही गावे पश्चिम कामेंग जिल्ह्यात येतात, म्हणून दोन्ही जिल्हे नोंदवावेत. जाताना भालुकपोंगमार्गे आणि येताना कलाक्तांगमार्गे भैरवकुंडला उतरण्याचा बेत असेल, तर तोही अर्ज करतानाच ठरवावा. अर्ज प्रवासाच्या साधारण पंधरवडाभर आधी केलेला चांगला. मंजुरी ऑनलाइन असली तरी ती देणारा माणूस कचेरीतच बसतो, आणि कचेरीला सुट्ट्या असतात.

गाडीचे कागद परमिटच्या अर्जात लागत नाहीत, पण रस्त्यावर लागतात. नोंदणी प्रमाणपत्र, विमा, पीयूसी आणि परवाना मोबाइलवर डिजिलॉकरमध्ये असले तरी कायद्याने चालतात. ज्या वळणावर गाडी थांबवली जाते तेथे मोबाइलला रेंज असतेच असे मात्र नाही, म्हणून छापील प्रती ठेवाव्यात, आणि परमिटच्या तर प्रत्येकी तीन. गाडी वडिलांच्या किंवा कंपनीच्या नावावर असेल तर मालकाचे सहीचे संमतिपत्र आणि त्याच्या ओळखपत्राची प्रत बरोबर घ्यावी. स्वतः चालवण्यासाठी भाड्याने घेतलेल्या गाडीच्या करारात आसामबाहेर जाण्याची मुभा आहे का, हे कराराच्या शेवटच्या पानावरील बारीक अक्षरांत शोधावे, कारण गाडी देणारा ते आपण होऊन सांगत नाही.

राहता राहिले बुम ला. सुमारे १५,२०० फुटांवरील ही खिंड चीनच्या ताब्यातील प्रदेशाला लागून आहे, आणि इनर लाइन परमिट तेथपर्यंत पुरत नाही. तिची वेगळी परवानगी तवांगमध्ये पोहोचल्यावर जिल्हा प्रशासनाकडून घ्यावी लागते, ती लष्कराच्या संमतीवरही अवलंबून असते, आणि बर्फ किंवा लष्करी कारणांमुळे रस्ता कोणत्याही सकाळी बंद होऊ शकतो. जायचे त्याच्या आदल्या दिवशी परमिटच्या आणि ओळखपत्राच्या प्रती देऊन हे काम उरकावे. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी तवांगला पोहोचणाऱ्यांचा हा दिवस फुकट जातो. बाहेरची गाडी वर नेता येणार नाही, स्थानिक टॅक्सीच घ्यावी लागेल, असे धरूनच खर्चाचा हिशेब करावा. तवांगमध्ये म्हणूनच एक रात्र जादा ठेवावी, आणि परमिटच्या तारखा भरताना ती रात्रही मोजावी.