सार्वजनिक शाळांतील भेदभावबंदी (महाराष्ट्र)

सरकारच्या किंवा स्थानिक संस्थेच्या पैशावर चालणाऱ्या शाळेत कोणत्याही मुलाला जात, धर्म, वंश, भाषा, लिंग वा अपंगत्व यांवरून प्रवेश नाकारू नये आणि प्रवेश दिल्यावर त्याला वेगळे वागवू नये, यासाठी असलेल्या घटनात्मक व कायदेशीर तरतुदी. महाराष्ट्रात या विषयाचा इतिहास मुख्यतः अस्पृश्यतेचा इतिहास आहे. त्यात दोन प्रश्न सतत गुंतलेले दिसतात : मुलाला शाळेत घ्यायचे का, आणि घेतले तर बसवायचे कुठे. पहिल्याचे उत्तर कागदावर १८५८ सालीच मिळाले. दुसरा प्रश्न कायद्याच्या कलमात यायला त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षे जावी लागली.

धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होते. तिथल्या सरकारी शाळेने एका महार मुलाला प्रवेश नाकारला आणि १८५६ साली त्याने थेट मुंबई सरकारकडे अर्ज केला. सरकारचा निर्णय मासलेवाईक आहे. तत्त्व म्हणून न्याय अर्जदाराच्या बाजूने आहे हे सरकारने मान्य केले. पण एकदोन महार मुलांसाठी हट्ट धरला तर बाकीचे लोक शाळेकडे फिरकणार नाहीत आणि शाळाच निरुपयोगी होईल, असे म्हणून प्रवेश दिला नाही. पुढच्या वर्षी कलकत्त्याच्या वरिष्ठ सरकारने कळवले की बंगालच्या सरकारी शाळेत असा प्रवेश नाकारला गेला नसता. प्रकरण लंडनपर्यंत गेले. १८५८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालक मंडळाने निकाल दिला : सरकारी शाळा सर्व वर्गांसाठी आहेत आणि या तत्त्वापासून सरकारला हटता येणार नाही. ‘तत्त्व बरोबर, पण वेळ आलेली नाही’ हा धारवाडचा युक्तिवाद मात्र संचालकांच्या निकालाने संपला नाही. पुढची कित्येक दशके तो वेगवेगळ्या सह्यांनिशी फायलींतून फिरत राहिला.

पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी सरकारची वाट पाहिली नव्हती. भिडे वाड्यातील मुलींची शाळा १८४८ ची. महार-मांग मुलांसाठीच्या शाळा त्यापाठोपाठ निघाल्या. फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला. १८८२ मध्ये शिक्षणाची पाहणी करणाऱ्या सरकारी हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात फुल्यांनी नेमकी अडचण मांडली : वरिष्ठ जातींच्या मुलांशेजारी बसू देत नाहीत, म्हणून महार-मांगांची मुले सर्वसाधारण शाळांतून जवळजवळ बाहेरच आहेत. त्यांच्यासाठी निघालेल्या खास सरकारी शाळा फक्त मोठ्या गावांत होत्या. पुण्यात या समाजांची वस्ती पाच हजारांवर असताना अशी शाळा एकच होती आणि तिच्यात तीसही मुले येत नव्हती. आयोगाने सर्वांना प्रवेशाचे तत्त्व पुन्हा मान्य केले, ते जपून अमलात आणायला सांगितले आणि स्वतंत्र शाळांना उत्तेजन द्यावे अशी शिफारस केली. हक्काच्या जागी सोय आली.

संस्थानांची गोष्ट थोडी निराळी. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १८८० च्या दशकात अस्पृश्यांसाठी शाळा काढल्या, पण त्यांत शिकवायला सवर्ण हिंदू शिक्षक मिळेनात. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून ती मुले सर्वांच्या शाळेत घेण्याचा हुकूम काढला. वेगळी शाळा बंद करणे हे वेगळी शाळा काढण्यापेक्षा अवघड काम होते. शाहू महाराजांच्या सुधारणांत आरक्षणाचा उल्लेख नेहमी होतो, या हुकमाचा त्या मानाने कमी.

ब्रिटिश मुलखात दार उघडे असले तरी आत काय चाले, याचे सर्वांत नेमके वर्णन डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आत्मकथनपर टिपणांत सापडते. साताऱ्याच्या सरकारी शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्यांचे नाव घातले गेले (हा दिवस राज्यात आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात). प्रवेश मिळाला होता, फी भरली जात होती, हजेरी लागत होती. पण वर्गातल्या क्रमांकाप्रमाणे इतर मुलांत बसायचे नाही. कोपऱ्यात एकट्याने, स्वतःच्या गोणपाटावर बसायचे. शाळा झाडणारा गडी त्या गोणपाटाला हात लावत नसे, म्हणून ते संध्याकाळी घरी न्यायचे आणि सकाळी परत आणायचे. तहान लागली तर नळाला शिवता येत नसे. मास्तरांनी परवानगी दिली तरी शिपायाने तोटी सोडल्याशिवाय पाणी नाही. शिपाई हजर नसेल त्या दिवशी पाणीच नाही. प्रवेश नाकारलेला नसल्याने त्या काळच्या कागदोपत्री यात तक्रारीला जागाच नव्हती.

४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला. तो पाणवठ्यांचा ठराव म्हणून लक्षात राहिला, कारण त्याच्या अंमलबजावणीचा प्रश्न १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर पेटला. ठरावाच्या मजकुरात विहिरी व धर्मशाळांबरोबर सार्वजनिक शाळा, कोर्टे, कचेऱ्या आणि दवाखानेही होते, हे सहसा कोणी सांगत नाही.

राज्यघटनेत या विषयाला लागू होणारी कलमे अनेक आहेत. कलम १५ राज्याला धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थानावरून भेदभाव करण्यास मनाई करते. कलम १७ अस्पृश्यता नष्ट करते. कलम २८ नुसार पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. शाळांना सर्वांत थेट भिडते ते कलम २९(२) : सरकारी वा अनुदानित शिक्षणसंस्थेत केवळ धर्म, वंश, जात किंवा भाषा यांवरून प्रवेश नाकारता येत नाही. या यादीत ‘लिंग’ नाही.

त्यातल्या ‘भाषा’ या शब्दाची परीक्षा महाराष्ट्राच्याच भूमीवर झाली. जानेवारी १९५४ मध्ये मुंबई सरकारने आदेश काढला की इंग्रजी माध्यमाच्या वर्गात यापुढे फक्त अँग्लो-इंडियन आणि आशियाई वंशाबाहेरील नागरिकांच्या मुलांनाच घ्यावे. हेतू मातृभाषेतील शिक्षणाचा होता. देवळालीच्या बार्न्स हायस्कूलमध्ये यामुळे इतर भारतीय मुलांचे प्रवेश अडले. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने आदेश रद्दबातल ठरवला : हेतू चांगला असला तरी आदेशाचा थेट परिणाम प्रवेश नाकारण्यात होत असेल, तर तो २९(२) चा भंगच. भेदभावाची तपासणी हेतूवरून न करता परिणामावरून करावी, हा या निकालाचा धडा आजही कामाचा आहे.

अस्पृश्यता (गुन्हे) अधिनियम १ जून १९५५ रोजी अमलात आला. १९७६ च्या दुरुस्तीनंतर तोच नागरी हक्क संरक्षण अधिनियम झाला. त्याच्या कलम ५ चे दोन भाग आहेत. पहिला शिक्षणसंस्थेत किंवा वसतिगृहात प्रवेश नाकारण्याबद्दल, दुसरा प्रवेशानंतर भेदभाव करणाऱ्या कोणत्याही कृतीबद्दल. साताऱ्याचे गोणपाट या दुसऱ्या भागात बसते. शिवाय पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची असल्यास, विरुद्ध पुरावा येईपर्यंत कृत्य अस्पृश्यतेच्या कारणावरूनच झाले असे न्यायालय गृहीत धरते. गंभीर प्रकारांना १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदाही लागतो.

घटनेतील कलम २१-क नुसार आलेला बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. दुर्बल व वंचित घटकांतील मुलाला भेदभावाची वागणूक मिळणार नाही याची जबाबदारी तो शासनावर आणि स्थानिक प्राधिकरणावर, म्हणजे खेड्यात जिल्हा परिषदेवर, टाकतो. या अधिनियमाचे कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी करते. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही. पारध्यांच्या पालावरच्या किंवा ऊसतोड कामगारांच्या मुलांना याचा खरा उपयोग. खासगी विनाअनुदानित शाळांतील २५ टक्के जागांची तरतूद याच कायद्यातली. सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळेला त्यातून सूट देणारी फेब्रुवारी २०२४ ची राज्याची दुरुस्ती मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैमध्ये रद्द केली. अपंग मुलांसाठी २०१६ चा आणि तृतीयपंथी व्यक्तींसाठी २०१९ चा कायदा आहे.

वर्गातली शिवाशिव पंगतीत सर्वांत आधी दिसते. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये शाळेत शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला आणि २००४ मध्ये स्वयंपाकी व मदतनीस नेमताना अनुसूचित जाती-जमातींना प्राधान्य द्यायला सांगितले. शालेय पोषण आहाराची खिचडी कोण शिजवते, कोण वाढते, ताटे कुठे ठेवली जातात, हे पाहिले की त्या गावच्या शाळेबद्दल बरेच कळते. तक्रार आधी स्थानिक प्राधिकरणाकडे आणि तिथे दाद न लागल्यास राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे नेता येते.

जातीची नोंद मात्र शाळेतून गेलेली नाही. शाळेच्या प्रवेशनोंदीच्या वहीतला, म्हणजे जनरल रजिस्टरातला, जातीचा रकाना एकेकाळी मुलाची वर्गातली जागा ठरवत असे. आज जात वैधता प्रमाणपत्रासाठी तोच सर्वांत भरवशाचा पुरावा आहे. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, विमुक्त व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागितला जातो. त्यासाठी नातू आजोबांच्या शाळेत जाऊन जुनी रजिस्टरे काढायला लावतो. कागद मोडी लिपीत असेल तर वाचणारा शोधावा लागतो, आणि आजोबांना शाळेतच घेतले नसेल तर रजिस्टरात त्यांचे नाव सापडत नाही.