बंड्याचा खुबा आणि चिकनच्या वासाची गोळी

आमचा बंड्या म्हणजे लॅब्राडोर, वय ११, वजन तेव्हा ३८ किलो. मागच्या पावसाळ्यात सकाळी उठताना त्याचे मागचे पाय टाइल्सवर फाकायला लागले, दोनतीनदा धडपडून मग उभा राहायचा आणि माझ्याकडे असा बघायचा की जणू टाइल्स मीच मुद्दाम गुळगुळीत करून ठेवल्यात. डॉक्टरांनी एक्स-रे काढला, म्हणाले खुब्याचा संधिवात, वयाने आलेला. सोसायटीच्या बागेत ही बातमी पसरायला अर्धा तास लागला आणि त्याच संध्याकाळी तीन जणांनी तीन वेगवेगळ्या ब्रँडच्या 'जॉइंट'च्या गोळ्या सुचवल्या. एक काका तर म्हणाले, "अहो आमचा टायगर पंधरा दिवसांत पळायला लागला, ग्लुकोसामाइन आहे त्यात, झिजलेली कूर्चा भरून येते!"

भरून येते. हा शब्द माझ्या डोक्यात अडकून बसला. म्हणजे भिंतीला पडलेलं भोक लांबी लावून भरतात तसं? पायाचं सूप प्यायलं की गुडघे भरतात, अक्रोड मेंदूसारखा दिसतो म्हणून मेंदूला चांगला, त्याच खानदानातला हा विचार आहे, फक्त बाटलीवर इंग्रजीत छापलाय आणि शेजारी उडी मारणाऱ्या कुत्र्याचा फोटो आहे.

तर आधी कूर्चा म्हणजे काय ते बघू. चिकनच्या लेग पीसच्या टोकाला पांढरी, चकचकीत, दाताखाली कुरकुर करणारी टोपी असते ना, तीच ती. बंड्याच्या खुब्यात तिचा थर जेमतेम मिलिमीटरभराचा, आणि त्यावर ३८ किलोचा ऐवज जिने चढतो, सोफ्यावरून उडी मारतो. एवढ्याशा थराला हे जमतं कसं? आता मी जरा वाहवत जाणार आहे, कारण अख्ख्या शरीरातली मला सगळ्यात आवडणारी वस्तू हीच, सांभाळून घ्या.

कूर्चेत ७०-८० टक्के पाणी असतं. पण पाणी तर दाबलं की पळून जातं, मग ते तिथे टिकतं कसं? त्यासाठी कूर्चेत अ‍ॅग्रिकन नावाचा एक अवाढव्य रेणू असतो. बाटली घासायचा ब्रश डोळ्यासमोर आणा, मधली तार म्हणजे प्रोटीन आणि तिला चिकटलेले केस म्हणजे साखरेच्या लांब साखळ्या, त्यातल्या शंभरेक साखळ्या काँड्रॉइटिन सल्फेटच्या (हो, गोळ्यांच्या बाटलीवरचं दुसरं नाव तेच). असे पुष्कळ ब्रश हायल्युरॉनिक अ‍ॅसिडच्या एका लांबलचक दोरीला ओळीने लटकलेले असतात. या प्रत्येक केसावर सल्फेट आणि कार्बोक्सिलचे ऋण भार ठासून भरलेत. ऋण भार एकमेकांना ढकलतात म्हणून ब्रशचे केस ताठ उभे राहतात, शिवाय ते सोडियमचे धन आयन आजूबाजूच्या द्रवातून ओढून घेतात, आत आयनांची गर्दी बाहेरच्यापेक्षा जास्त झाली की शाळेत शिकलेल्या परासरणाच्या नियमाने पाणी त्यांच्या मागोमाग आत घुसतं, आणि कूर्चा फुगायला बघते. फुगायला बघते म्हणतोय कारण तिला पूर्ण फुगू देत नाहीत. भोवती टाइप टू कोलॅजन या प्रोटीनच्या धाग्यांचं घट्ट जाळं विणलेलं असतं. साबुदाणा कोरडाच फडक्यात आवळून बांधा आणि मग पाण्यात टाका. दाणे फुगणार पण फडकं ताणून धरणार, म्हणजे ती पुरचुंडी कायम आतून तटतटलेली. बंड्या पाय टाकतो तेव्हा भार त्या कोंडलेल्या पाण्यावर येतो, पाणी हळूहळू पिळून बाहेर येतं, पाय उचलला की परत आत शोषलं जातं. आणि गंमत म्हणजे कूर्चेला रक्तवाहिन्याच नाहीत, त्यामुळे तिच्यातल्या थोड्याथोडक्या पेशींचं जेवणही याच पाण्याच्या ये-जेतून येतं. म्हणजे चाललं तरच कूर्चेला घास मिळतो!

संधिवातात काय होतं तर सांध्यातली एन्झाइम्स माजतात, काही त्या ब्रशचे तुकडे करतात आणि काही थेट कोलॅजनचं जाळं कुरतडतात. ब्रश गेले तर पेशी नवे बनवू शकतात, थोडेफार. पण जाळं एकदा फाटलं की फाटलं. माणसाच्या कूर्चेतलं कोलॅजन इतकं संथ बदलतं की त्यातलं निम्मं बदलायला शंभराहून जास्त वर्षं लागतात असं मोजलं गेलंय, म्हणजे जन्माला येताना जे फडकं मिळालं तेच शेवटपर्यंत वापरायचं. आता सांगा, फडकं फाटलंय आणि आपण वरून साबुदाणा ओततोय, त्याने काय होणार? आणखी एक बाब, कूर्चेला मज्जातंतूही नाहीत. दुखतं ते खालचं हाड, सांध्याचं अस्तर आणि भोवतीचं आवरण. त्यामुळे कूर्चा भरली काय न भरली काय, दुखणं हा वेगळाच विषय आहे.

बरं, ओतलेला साबुदाणा पोचतो तरी का? ग्लुकोसामाइन (त्या साखळ्यांचा कच्चा माल) बहुतेक करून कोळंबी-खेकड्यांच्या कवचातून काढतात, काँड्रॉइटिन गाईगुरांच्या श्वासनलिकेसारख्या कूर्चेतून किंवा शार्कच्या कूर्चेतून. बीगल कुत्र्यांना तोंडाने देऊन रक्तात मोजलं तेव्हा ग्लुकोसामाइनचा साधारण १२ टक्के भाग पोचला, काँड्रॉइटिनचा ५ टक्के. त्यातलं सगळ्या अंगभर फिरून सांध्यात जाणार किती? प्रयोगशाळेत काचेच्या बशीत कूर्चेच्या पेशींवर जो छान परिणाम दिसला, तो याच्या कितीतरी पट जास्त मात्रेत. आणि मुळात पेशी स्वतःचं ग्लुकोसामाइन साध्या ग्लुकोजपासून बनवतात, बंड्याच्या रक्तात ग्लुकोजचा तुटवडा नाही, पोळ्या खाऊन खाऊन उलट चंगळच आहे.

पण तोंडाने कितीही तर्क लढवला तरी शेवटी बघायचं असतं ते कुत्रं चालतं कसं. माणसांवरची सगळ्यात मोठी चाचणी अमेरिकेत सरकारी पैशाने झाली, २००६ साली छापून आली, गुडघेदुखीचे १,५८३ रुग्ण. खोटी, म्हणजे औषध नसलेली गोळी खाणाऱ्यांपैकी ६०.१ टक्के लोकांना बरं वाटलं, ग्लुकोसामाइन आणि काँड्रॉइटिन दोन्ही खाणाऱ्यांपैकी ६६.६ टक्के, आणि हा फरक योगायोगाने पडू शकतो इतकाच होता. (जास्त दुखणाऱ्यांच्या छोट्या गटात फरक मोठा दिसला, जाहिरातवाले तेवढंच उचलतात.) कुत्र्यांवर २००३ च्या एका चाचणीत ७१ कुत्री होती, त्यात कार्प्रोफेन आणि मेलॉक्सिकॅम या वेदनाशामकांनी पायावरचा भार सुधारला, ग्लुकोसामाइन-काँड्रॉइटिनने नाही. मग २००७ मध्ये आयर्लंडमधली ३५ कुत्र्यांची एक चाचणी आली, तिच्यात ७० व्या दिवशी सुधारणा दिसली आणि गोळ्यांच्या वेबसाइटवर तीच झळकत असते, पण त्या चाचणीत खोट्या गोळीचा गटच नव्हता. २०२२ मध्ये कुत्र्या-मांजरांच्या संधिवातावरच्या सप्लिमेंट आणि खास आहारांचे ५७ लेख, ७२ चाचण्या एकत्र करून तपासल्या गेल्या. निष्कर्ष सरळ होता, ग्लुकोसामाइन-काँड्रॉइटिनचा परिणाम नाही, वेदनेसाठी ते सुचवणं आता बंद करा. कोलॅजनचा परिणाम कमजोर. माशाच्या तेलातल्या ओमेगा-३ चा मात्र दिसतो.

मग काकांचा टायगर पळायला कसा लागला? काका खोटं बोलत नाहीयेत. हे दुखणं कमी-जास्त होत राहतं, आणि आपण गोळ्या आणायला धावतो ते सगळ्यात वाईट आठवड्यात, पुढचा आठवडा तसाही बरा जाणार असतो. दुसरं कारण त्याहून मजेशीर. लोक म्हणतात कुत्र्याला थोडंच कळतं औषध दिलंय ते, त्याला कसला प्लासिबो, म्हणजे खोट्या गोळीनेही बरं वाटणं? बरोबर, कुत्र्याला होत नाही, मालकाला होतो. जमिनीत बसवलेली एक पट्टी असते, फोर्स प्लेट, तिच्यावरून कुत्रं चाललं की कुठल्या पायावर किती भार टाकला ते न्यूटनमध्ये मिळतं. २०१२ साली छापलेल्या एका अभ्यासात खोटी गोळी मिळालेल्या ५८ लंगड्या कुत्र्यांचे हे आकडे मालकांच्या मतांशी ताडून बघितले. पट्टी म्हणते काही फरक नाही, मालक म्हणतो सुधारलाय, असं जवळजवळ ४० टक्के वेळा झालं. आणि डॉक्टरांचं? ४५ टक्के! शिकलेला डोळासुद्धा आशेने बघतो.

माझ्याकडे फोर्स प्लेट कुठून येणार. शेवटी मीही गोळ्या आणल्याच होत्या, एवढंच केलं की त्या सुरू करायच्या आधी दोन रविवार आणि नंतर सहा रविवार बंड्या जिन्याच्या १४ पायऱ्या चढतानाचा मोबाइलवर व्हिडिओ काढला. मला स्वतःला तिसऱ्याच आठवड्यापासून वाटायला लागलं होतं की फरक आहे, बायकोलाही. मग मुलीला सांगितलं, तारखा झाकून, उलटसुलट करून दाखव, आम्ही दोघं ओळखतो आधीचा कुठला आणि नंतरचा कुठला. बायकोने गोळ्यांच्या आधीचा एक व्हिडिओ बघून छातीठोकपणे सांगितलं, "हा बघ, हा सहाव्या आठवड्यातला, कसा टकाटक चढतोय." मी तर दोन्ही आधीचे चुकवले. एका कुत्र्यावरून काहीच सिद्ध होत नाही हे कबूल, पण माझा डोळा किती विश्वासाचा आहे ते मला कळलं.

मांजरवाल्यांनी तर जास्तच सावध राहावं. १०० मांजरांचे एक्स-रे काढले तेव्हा ९२ मध्ये कुठे ना कुठे सांध्यांची झीज सापडली होती, पण मांजर लंगडत नाही, ते फक्त कपाटावर उडी मारणं बंद करतं आणि आपण म्हणतो म्हातारं झालं. तिथे एक हुशार युक्ती वापरली गेली, औषध चालू असताना नाही तर बंद केल्यावर मालकांना विचारलं. खरं औषध घेणाऱ्या मांजरांचं दुखणं परत आलेलं मालकांना जाणवलं, खोटं घेणाऱ्यांचं नाही. घरच्या घरीही हे करता येतं. सप्लिमेंट महिनाभर बंद करा, घरातल्या एकालाच सांगा, बाकीच्यांना काही जाणवतं का बघा.

आता काय करायचं ते. वजन, वजन आणि वजन. याबद्दलचा सगळ्यात सुंदर अभ्यास कुत्र्यांचं खाणं विकणाऱ्या पुरिना कंपनीनेच केलाय. लॅब्राडोरच्या ४८ पिल्लांच्या २४ जोड्या लावल्या, जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खायला, जन्मभर. कमी खाणारे मध्यकाने (निम्मे याहून जास्त, निम्मे कमी) १३ वर्षं जगले, दुसरे ११.२ वर्षं. आणि खुब्याचा संधिवात एक्स-रेमध्ये दिसायचं वय पोटभर खाणाऱ्यांत सहा, कमी खाणाऱ्यांत बारा! लठ्ठ आणि लंगडणाऱ्या कुत्र्यांचं वजन सहा टक्क्यांच्या आसपास उतरलं तरी लंगडणं कमी झालेलं मोजलं गेलंय. कुठलीही गोळी याच्या जवळपास नाही, पण यात बाटली विकता येत नाही.

ओमेगा-३ द्यायचंच तर माशाचं तेल, मात्रा डॉक्टरांना विचारून. कॉड लिव्हर ऑइल नको, त्यात ए आणि डी व्हिटॅमिन जास्त होऊन बसतं. जवसाचं तेलही फारसं कामाचं नाही, कारण त्यातल्या ओमेगा-३ चं सांध्याला लागणाऱ्या ईपीए या माशाच्या तेलातल्या प्रकारात रूपांतर कुत्र्याच्या शरीरात अगदी थोडं होतं आणि मांजरात जवळजवळ नाहीच. दुखणं जास्त असेल तर डॉक्टरांनी दिलेलं वेदनाशामक, अधूनमधून रक्त तपासून. आणि आपल्या ड्रॉवरमधली गोळी अर्धी करून देऊ नका हो! पॅरासिटामॉलने मांजर मरतं, आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकने कुत्र्याच्या पोटात अल्सर होतात, किडनी जाते. डायक्लोफेनॅक तर गुरांना दिलं म्हणून ती गुरं मेल्यावर खाणारी गिधाडं आपल्या देशातून जवळपास पुसली गेली, २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली तोवर उशीर झाला होता. हे विषयाबाहेरचं झालं, पण घरच्या घरी डॉक्टरकी करणारे बघितले की मला गिधाडं आठवतात.

आमच्याकडे आता बेडरूमपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत जुन्या सतरंज्या अंथरल्यात, बंड्याचे पाय सरकत नाहीत. फिरणं एकदाच तासभर होतं ते वीस-वीस मिनिटं तीनदा केलं (पुरचुंडी पिळायला). वजन कोपऱ्यावरच्या धान्याच्या दुकानातल्या काट्यावर करतो, दुकानदार आधी हसला, आता स्वतःच वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवतो. ३८ चे ३४.५ झालेत, चार महिन्यांत. आणखी कमी झालं असतं, पण आईचं म्हणणं की मुक्या जनावराला उपाशी ठेवलं तर पाप लागतं, आणि ती दुपारी मी ऑफिसात असताना पोळीला तूप लावून देते. विचारलं तर नाही म्हणते. बंड्याच्या मिशांना तुपाचा वास येतो.

उरलेल्या २२ गोळ्या मी फेकल्या नाहीत. चिकनच्या वासाच्या आहेत, आईला सांगितलं की पोळीच्या जागी यातली अर्धी देत जा.