कवडी : जातिसीमेचा प्रश्न (खानदेश)

कवडी म्हणजे उदरपाद (गोगलगायींच्या) वर्गाच्या सायप्रिइडी कुलातील लहान सागरी प्राण्याचे कवच. खानदेशात पोळ्याच्या बैलांच्या माळा, बंजारा स्त्रियांचा पोशाख, भवानीच्या आराध्यांच्या माळा व सारीपाट यांत ती सर्वपरिचित आहे. तापीखोऱ्यात हा प्राणी होत नाही. माल बहुधा सुरत–नवापूर–नंदुरबार–बऱ्हाणपूर या जुन्या वाटेने येत असावा. सतराव्या शतकातील फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये समुद्राजवळ पैशाला 80 पर्यंत, तर आग्र्यास 50–55 कवड्या मिळत, असे नोंदवतो.

या माळांत कवडीच्या दोन जाती (जीवशास्त्रीय अर्थाने) संभवतात : मोनेटारिया मोनेटा व मोनेटारिया ॲन्युलस. लिनीअसने 1758 मध्ये दोन्ही सायप्रिया या प्रजातीत (जातींच्या गटात) घातल्या होत्या. पहिली पिवळसर, कोनदार व कडेला उंचवटे असलेली. दुसरी अंडाकृती, पाठीवर सोनेरी कडे (वलय) असलेली. मात्र मोनेटाच्या पाठीवरही पुष्कळदा फिकट नारिंगी कडे दिसते, आणि तिच्या लहान चणीच्या कवचांत उंचवटे जवळजवळ नसतात. वाढीची रीतही गोंधळात भर घालते. कोवळ्या कवडीचे ओठ (तोंडाच्या फटीच्या कडा) पातळ असतात. प्रौढ होताना ओठ आत वळून दात येतात, मग लांबी थांबते आणि फक्त जाडी वाढत राहते. त्यामुळे आकारमानावरून वय सांगता येत नाही, जात तर नाहीच. न्यू कॅलिडोनियाच्या काही उपसागरांत दोन्ही जातींची काळपट, टोके लांबलेली कवचे मिळतात. त्यांना पूर्वी वेगळी नावे दिली गेली, आज ती स्थानिक रूपे मानतात. ताहितीकडील मोनेटारिया ऑब्व्हेलाटा ही स्वतंत्र जात की ॲन्युलसची उपजात, यावर मात्र एकमत नाही.

मेयर व पॉले या संशोधकांनी 2005 मध्ये दोन हजारांहून अधिक कवड्यांचे डीएनए तपासले. नीट अभ्यासलेल्या गटांत ओळख पटवताना चूक 4 टक्क्यांखाली राहिली. परंतु तेवढ्यावरून नव्या जातींच्या सीमा आखणे धोक्याचे ठरले. मोनेटा व ॲन्युलस एकाच खडकावर राहूनही बहुतांशी वेगळ्या ओळखू येतात, म्हणून त्या दोन जाती धरणेच अधिक सयुक्तिक वाटते.

खानदेशी नमुन्यांत खरी अडचण वेगळी आहे. कापडावर शिवण्यासाठी कवडीची पाठ फोडतात किंवा घासतात, आणि ओळखीचे कडे नेमके पाठीवरच असते. अशा वेळी बाह्यरेषा व कडेचे उंचवटे यांवरच भिस्त ठेवावी लागते. मोनेटाचा मोठा पुरवठा मालदीवहून होई. एकोणिसाव्या शतकात झांझिबारकडील ॲन्युलसही व्यापारात मोठ्या प्रमाणावर उतरली. तेव्हा एकाच माळेत दोन्ही मिसळलेल्या असणे शक्य आहे.