पाइपफिशच्या नराचे गर्भारपण

समुद्रघोड्याच्या कुळात नर गरोदर राहतो, हे आता बहुतेकांना ठाऊक असते. मात्र ते सांगताना या नराला त्यागमूर्ती पिता ठरवण्याची जी प्रथा पडली आहे, तिला जीवशास्त्राचा आधार नाही. याच कुळातील, पण सरळ, काडीसारख्या अंगाच्या सिन्ग्नॅथस या पाइपफिश प्रजातीवरील संशोधनातून निराळेच काही समोर येते.

या प्रजातीतील बहुतेक जाती उत्तर गोलार्धातील उथळ किनारी पाण्यात राहतात. त्यांपैकी रुंद मुखाची सिन्ग्नॅथस टायफल नॉर्वेपासून मोरोक्कोपर्यंत, तसेच बाल्टिक, भूमध्य व काळ्या समुद्रात, सागरी गवताच्या पात्यांमध्ये दडून असते. दक्षिणेकडील एक अपवाद म्हणजे सिन्ग्नॅथस वॉटरमेयरी. ती दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व केप प्रांतातील मोजक्या खाड्यांतच आढळते.

मादी आपली अंडी नराच्या शेपटीखालील पिशवीत सोडते, तेथे त्यांचे फलन होते आणि त्वचेच्या दोन घड्या मिटून पिशवी बंद होते. मग आतील अस्तर जाड होते, त्यात रक्तवाहिन्यांचे दाट जाळे पसरते आणि अंडी त्या मऊ ऊतीत रुतून बसतात. या जाळ्यातून भ्रूणांना ऑक्सिजन व पोषकद्रव्ये मिळतात आणि पिशवीतील द्रवाची क्षारता राखली जाते. परंतु ही देवाणघेवाण एकतर्फी नाही. टायफल जातीच्या अंड्यांतील अमिनो आम्लांवर किरणोत्सारी खूण करून केलेल्या प्रयोगात ती खूण पुढे नराच्या यकृतात व स्नायूंत सापडली, हे 2010 मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे भ्रूणांतील काही पोषण बापच शोषून घेतो. त्याच वर्षी मेक्सिकोच्या आखातातील सिन्ग्नॅथस स्कोव्हेली या जातीविषयी असे दिसले, की मोठ्या मादीच्या अंड्यांतून अधिक पिल्ले जगतात, आणि आधीची वीण भरघोस झाली असेल तर पुढच्या विणीतील पिल्ले कमी वाचतात. पिल्लांवर किती खर्च करायचा, याचा हिशेब नराचे शरीर पिशवीतच मांडते, असा याचा अर्थ मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. भ्रूणाची अर्धी जनुके आईची असल्याने तो बापाच्या शरीराला अर्धा परका असतो, हाही प्रश्न आहेच. परक्या प्रथिनांची ओळख पटवणाऱ्या एमएचसी-2 या रोगप्रतिकारक यंत्रणेतील महत्त्वाची जनुके टायफलने गमावली असल्याचे 2020 मध्ये आढळले आणि संशोधकांनी त्याचा संबंध या गर्भारपणाशी जोडला.

भारताच्या किनाऱ्यावरही पाइपफिश आहेत. 2001 मध्ये हे संपूर्ण कूळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घेतले गेले, त्यामुळे त्यांना पकडणे गुन्हा आहे. तरीही पूर्व आशियात वाळवलेले पाइपफिश पौरुषवर्धक म्हणून विकले जातात. त्या गुणाला कोणताही विश्वासार्ह वैद्यकीय पुरावा नाही.